आजी उगीच मारत नाहीत

आपल्या वस्त्यांमधल्या कितीतरी बाया वृद्धाश्रमांत आया म्हणून राबतात. हातावरचे ओरखडे दाखवत आम्हाला विचारतात, "ताई, आंघोळीला नेलं की आजी मारतात. संध्याकाळी घरी सोडा म्हणून ओरडतात. आम्ही काय वाईट केलं?"

वाईट कुणीच केलेलं नसतं. हा डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. या मेंदूच्या आजारात आठवणींबरोबर शब्दही हरवतात. दुखतंय, लघवीला जायचंय, भीती वाटतेय, हे सांगता येत नाही. अनोळखी वाटणारी बाई अंगावरचे कपडे काढू लागली, तर माणूस स्वतःला वाचवायला हात उगारतो.

म्हणून आधी कारण शोधावं. दात, गुडघे दुखतात का? शौचाला साफ होते का? चष्मा, कानाचं मशीन लावलंय का? टीव्हीचा गोंगाट आहे का? त्रास कोणत्या वेळी, कोणत्या कामाला होतो, ते वहीत लिहावं.

आंघोळीच्या वेळी समोरून जावं, नाव घेऊन हाक मारावी, काय करणार ते थोडक्यात सांगावं. अंगावर टॉवेल असू द्यावा. नको म्हटलं तर थांबून अर्ध्या तासाने पुन्हा विचारावं. "घरी जायचंय" म्हटलं तर वाद घालू नये, "घरी कोण कोण असायचं?" असं विचारावं. अंधार पडायच्या आधी दिवे लावावेत.

वागणं एक-दोन दिवसांत अचानक बदललं, माणूस बरळू लागला किंवा सुस्त झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं किंवा नवीन औषध हे कारण असू शकतं.

शांत ठेवण्यासाठी मनोविकारावरच्या गोळ्या आपल्या मनाने कधीही देऊ नयेत. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये अशा गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे. खाटेला बांधणं हाही उपाय नाही. केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून रुग्णाला बांधायला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मानसिक आरोग्य संस्थांना मनाई करतो.

एकट्या आयेवर अनेक रुग्ण टाकले की घाई होते, आणि घाईतूनच झटापट होते. त्यामुळे आंघोळीला दुसरी आया मागणं म्हणजे कामचुकारपणा नव्हे. बहिणींनो, ही मागणी एकेकटीने नको, सगळ्यांनी मिळून करा. कुठे वृद्धांचा छळ दिसला, तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मोफत हेल्पलाइनवर कळवा.