‘ड’ जीवनसत्त्वाची मात्रा : साठ हजार एककांचा हिशेब

राजापुरात पावसाळा वगळता उन्हाची वानवा नाही. तरीही ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची पुडी अनेक घरांत परिचयाची झाली आहे. तिची योग्यायोग्यता आकड्यापेक्षा कालावधीवर ठरते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दररोज ६०० एककांची शिफारस केली. कमाल मर्यादा ४,००० सांगितली. आठवड्याला एक पुडी म्हणजे दररोज सुमारे ८,५७० एकके. म्हणूनच कमतरता आढळल्यास ती सामान्यतः आठ आठवडेच देतात. पुढे महिन्याला एक, म्हणजे दररोज २,०००. ‘आठवड्याला’ हा शब्द रुग्णाच्या ध्यानातून निसटला व तो रोज पुडी घेत राहिला, तर रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास इजा होऊ शकते. काही औषधविक्रेते पुडीवर वार लिहून देतात; ही साधी पद्धत प्रस्तुत लेखिकेस मोलाची वाटते.