डोकेदुखी : गोळी घेण्याआधी कारण पाहा



ऊस पिवळा पडला म्हणून आपण लगेच युरियाचे पोते ओतीत नाही. पाणी साचले आहे का, लोह कमी पडले का, की हुमणीने मुळे खाल्ली, हे आधी पाहतो. स्वतःच्या डोक्याच्या बाबतीत मात्र हा शहाणपणा आपण बांधावरच ठेवून येतो. ‘मनं डोकं दुखस’ असे म्हणायचा अवकाश, किराणा दुकानातून गोळी येते, चहाबरोबर पोटात जाते आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. गळीत हंगामात तर हे रोजचेच. म्हणून या अंकात डोकेदुखीविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे आम्हांस वाटले.

दोन नेहमीचे प्रकार

डोकेदुखी हा एकच आजार नव्हे. सर्वांत जास्त आढळते ती ताणाची डोकेदुखी. कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते, मान आखडते. पण माणूस काम करू शकतो. विश्रांती, जेवण, पाणी आणि झोप मिळाली की ती बहुधा उतरते.

दुसरी अर्धशिशी. हिलाच डॉक्टर मायग्रेन म्हणतात. हा आजार नवा नाही. सुश्रुतसंहितेत डोक्याचे अकरा विकार सांगितले आहेत, त्यांत ‘अर्धावभेदक’ आहे. बहुधा डोक्याची एक बाजू ठसठसते, मळमळते, उजेड आणि आवाज नकोसा होतो, जिना चढला तरी कळ वाढते. औषध न घेतल्यास दुखणे ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकते. काहींना आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक दिसते. मेंदूतील वेदनेच्या मज्जातंतूंची ही जादा संवेदनशीलता असते आणि ती पुष्कळदा घराण्यातून येते.

स्त्रियांत अर्धशिशीचे प्रमाण पुरुषांच्या दुपटी-तिपटीने आहे. घरातली सून अंधाऱ्या खोलीत डोके बांधून पडली की ‘कामाचा कंटाळा’ म्हणून बोल लावले जातात. हे चूक आहे. हे सोंग नव्हे, आजार आहे, हे घरच्या कर्त्या माणसांनी ध्यानात घ्यावे.

कळ उठते कशाने?

उपाशी राहणे, कमी पाणी पिणे, जागरण, कडक ऊन, उग्र वास, मासिक पाळीचे दिवस ही नेहमीची निमित्ते. आपल्याकडे उन्हाळ्यात ऊन किती तापते ते सांगायला नको. त्यात वीज रात्रीची असली की रात्रभर उसाला पाणी भरायचे आणि सकाळी न जेवता बाजार गाठायचा. मग अर्धशिशीला आमंत्रण द्यावे लागत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयात डोके दुखल्याच्या तारखेवर खूण करा. आदल्या दिवशी काय झाले आणि गोळी किती घेतली तेही लिहा. दोन-तीन महिन्यांत आपले निमित्त आपल्यालाच सापडते.

कळ सुरू होताच अंधाऱ्या, शांत खोलीत पडावे, पाणी प्यावे, कपाळावर गार पट्टी ठेवावी. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी सुरुवातीलाच पूर्ण मात्रेत घ्यावी. दुखणे शिगेला पोचल्यावर ती तितकी लागू पडत नाही. सुंठीचा लेप लावायला हरकत नाही, पण त्यावरच विसंबू नये. महिन्यात चार किंवा अधिक दिवस अर्धशिशी उठत असेल, तर ती मुळात कमी करणारी रोजची औषधे आहेत. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन ही त्यांतली जुनी व स्वस्त. मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. दमेकऱ्याने प्रोप्रॅनोलॉल घेऊ नये.

गोळीनेच दुखणारे डोके

हे पुष्कळांना ठाऊक नसते. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, किंवा मिश्र औषधांची गोळी १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर त्या गोळीमुळेच डोके दुखू लागते. माणूस आणखी गोळी घेतो आणि चक्र चालू राहते. शिवाय जठर व मूत्रपिंड यांवर परिणाम होतो तो वेगळाच. ज्यांच्या खिशात रोज पाकीट असते त्यांनी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

फवारणीनंतरचे डोके

उसात हुमणी-वाळवीसाठी क्लोरपायरीफॉससारखी औषधे वापरली जातात. अशा औषधाच्या फवारणीनंतर डोके दुखून मळमळ, घाम, तोंडाला लाळ, अंधुक दिसणे असे काही झाले तर ती साधी डोकेदुखी नव्हे, विषबाधा आहे. गोळी घेऊन झोपू नका. कपडे बदला, साबणाने अंग धुवा आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. तो धडा विसरू नये.

येथे थांबू नका

अचानक, आयुष्यात कधी नव्हे एवढे डोके दुखले, तापाबरोबर मान आखडली, हातपाय लुळा पडला, बोबडी वळली, झटके आले, डोक्याला मार लागल्यानंतर दुखणे वाढत गेले, गरोदरपणात डोके फार दुखून दृष्टी अंधुक झाली, किंवा पन्नाशीनंतर नव्यानेच दुखू लागले, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

आपल्या जिल्ह्यात, विशेषतः आदिवासी कुटुंबांत, सिकलसेलचे रुग्ण आहेत. अशा रुग्णाचे, मग तो लहान मूल का असेना, अचानक डोके दुखले आणि अशक्तपणा आला, तर तो पक्षाघात असू शकतो. १ जुलै २०२३ पासून केंद्र शासनाची सिकलसेल निर्मूलन मोहीम चालू आहे. ज्यांनी रक्ततपासणी केली नसेल त्यांनी ती जरूर करून घ्यावी. आपल्या ऊसतोड टोळ्यांतील मजूर बंधू-भगिनींपर्यंतही ही माहिती सभासदांनी पोचवावी.

डोके हे घराचे आणि शेताचे कारभारी आहे. त्याची कुरकुर गोळीने दाबण्याआधी ते काय सांगते आहे तेवढे ऐकून घ्यावे, अशी सर्वांना आमची आग्रहाची विनंती आहे.