गोळी उतरते, जंतू उठत नाही

जागतिक क्षयरोग दिन झाला, आकडे छापून आले. पण गोळी पोटात गेल्यावर पुढे काय होतं, हे त्यात सहसा नसतं. क्षयावरचं रिफॅम्पिसिन घेणाऱ्याची लघवी काही तासांत नारिंगी-लाल होते, पुढे रंग फिका पडत जातो. मग औषध उतरलं का? हो, बरंचसं. आयसोनियाझिड हे दुसरं औषध तर दर एक ते चार तासांनी रक्तात निम्मं होत जातं. तरीही जंतू लगेच उठून बसत नाही.

हे नेमकं मोजलं ते लंडनच्या डेनिस मिचिसन यांनी. मिचिसन आणि सहकारी डिकिन्सन यांनी क्षयाचे जंतू 24 तास औषधात ठेवले, मग औषध काढून टाकलं आणि वाढ कधी सुरू होते याची वाट पाहिली. आयसोनियाझिडनंतर सहा ते नऊ दिवस जंतू गप्प. स्ट्रेप्टोमायसिननंतर आठ ते दहा, रिफॅम्पिसिननंतर दोन-तीन. थायासेटाझोन मात्र काढलं रे काढलं की वाढ सुरू!

आयसोनियाझिड जंतूचं मेणचट आवरण घडवण्याचं कामच बंद पाडतं. त्यात हा जंतू मुळातच संथ. पोटातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, याला वीसेक तास लागतात. मोडलेलं घर सावरायलाही त्याला वेळ लागतो.

याच उसंतीमुळे शक्य झालेली, आठवड्यातून दोनदा औषध देण्याची पद्धत मद्रासच्या क्षयरोग केंद्राने 1964 मध्ये मांडली. समोर बसवून गोळ्या देणं त्यामुळे सोपं झालं. आठवड्यातून एकदाच देऊन पाहिलं तेव्हा मात्र आयसोनियाझिड झपाट्याने निकामी करणाऱ्या शरीरांचे हाल झाले. पुढे राष्ट्रीय कार्यक्रमाने आठवड्यातून तीनदाचा मार्ग धरला आणि 2017 मध्ये रोजच्या डोसकडे वळेपर्यंत तो सोडला नाही.

मला हा उशीर अक्षम्य वाटतो. जंतूची ही उसंत रुग्णासाठी राखून ठेवायला हवी होती. ती वेळापत्रकानेच खर्चून टाकली. तीनदातला एक डोस हुकला की मधलं अंतर चार-पाच दिवसांचं होतं. रोजच्या गोळ्यांत एखादा दिवस गावी जाण्यात, तापात, मजुरीच्या धावपळीत गेला, तरी दुसऱ्या सकाळी रुग्ण पुन्हा गोळी घेतो तेव्हा जंतू अजून सावरलेला नसतो.