दोन खोल्यांच्या घरातील संधान

संधानकल्पना शिकविताना आपण विद्यार्थ्यांना निवात व अंधाऱ्या जागेचे, भूमीत पुरलेल्या घृतभावित भांड्याचे आणि धान्यराशीचे वर्णन सांगतो. परंतु आज शहरात व्यवसाय करणाऱ्या बहुसंख्य वैद्यांपाशी ना भूमी आहे, ना धान्याची कोठी. परिणामी काढा, चूर्ण, लेप स्वहस्ते करणारा वैद्यही अरिष्टाचे नाव काढताच हात आखडता घेतो. प्रस्तुत लेखकही याला अपवाद नव्हता. वाडा सोडून पुण्यातच तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या सदनिकेत आल्यावर सहा वर्षे मी एकही अरिष्ट सिद्ध केले नाही. पुढे प्रारंभ केला तेव्हा पहिले दोन्ही प्रयत्न वाया गेले. त्या अपयशातून जे उमगले, ते वैद्यबंधूंपुढे ठेवीत आहे.

दोन अपयशे

पहिल्या खेपेस अर्जुनारिष्टासाठी आटे असलेल्या झाकणाची काचेची बरणी वापरली. शास्त्रात मुखलेप सांगितला आहे, म्हणून झाकण घट्ट आवळले आणि बरणी कपाटात ठेवली. पाचव्या रात्री ती फुटली. दुसऱ्या खेपेस चिनीमातीची बरणी घेतली. महिना पौषाचा होता. संधान सुरू होऊन मंदावले, आठवड्याभरात थांबले. आणखी दोन महिने वाट पाहिली, तो सारे शुक्त झाले होते. ज्या रुग्णांसाठी ते योजिले होते, त्यांना अखेर बाजारातील बाटली लिहून द्यावी लागली.

त्या वर्षी परदेशात शिकणारा भाचा सुटीत आला होता. तिकडे एका खोलीच्या घरात तो बिअर तयार करीत असे. फुटलेल्या बरणीची हकिकत ऐकून त्याने एवढेच विचारले, "मामा, वायूला वाट कोठून ठेवली होती तुम्ही?"

प्रश्न साधा होता. पण माझी चूक नेमकी तेथेच होती. मातीचे भांडे आणि कपडमातीचा लेप यांतून वायू हळूहळू झिरपतो. काचेतून व आट्यांच्या झाकणातून तो झिरपत नाही. मी शास्त्रातील कृती उचलली, तिचे प्रयोजन मात्र मागे राहिले.

घरगुती बिअर आणि आपले अरिष्ट

ब्रिटनमध्ये १९६३ पासून परवान्याविना घरी बिअर करण्यास मुभा मिळाली. अमेरिकेत त्यासंबंधीचा केंद्रीय कायदा १९७८ साली झाला. पुढे लहान घरांत राहणाऱ्या हौशी लोकांनी सुमारे ४ लिटरच्या काचपात्रात संधान करण्याची शिस्त बसविली. आपल्याकडे अशी मुभा नाही. महाराष्ट्रात परवान्याविना मद्यनिर्मितीस १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मनाई आहे, आणि बिअर करावी असे सुचविण्याचा येथे हेतूही नाही. तथापि मोड आणलेल्या यवापासून होणारे हे संधान आपल्याला परके नव्हे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात आसवांच्या नऊ योनी व चौऱ्यांशी आसवे सांगितली, त्यांत पहिली योनी धान्याचीच आहे.

दोन्ही संधानांत एक भेद महत्त्वाचा आहे. बिअरचे बहुतेक किण्व १८ ते २२ अंश सेल्सिअसला उत्तम चालते. काही प्रकारांस तर त्याहूनही थंडावा लागतो. धायटीच्या फुलांसोबत येणाऱ्या किण्वास मात्र २८ ते ३२ अंशांची ऊब मानवते. म्हणजे बिअर करणाऱ्याला आपल्या फाल्गुन-चैत्रातील खोलीत अडचण आहे. अरिष्ट करणाऱ्या वैद्याला ती अनुकूल आहे. बिअरमधील द्रव पातळ गोड असतो आणि मुख्य संधान एक-दोन आठवड्यांत आटोपते. अरिष्टात गुळाचे प्रमाण फार मोठे, म्हणून किण्वाची गती मंद. मासभर ठेवण्याचा आदेश त्यामुळेच सार्थ ठरतो.

प्रमाण

अर्जुनारिष्टाचा भैषज्यरत्नावलीतील पाठ सर्वांस परिचित आहे. त्याच्या चतुर्थांशाने घरगुती शेगडीवर सहज काम होते: अर्जुनसाल भरड १.२ किलो, काळ्या मनुका ६०० ग्रॅम, मोहाची फुले २४० ग्रॅम, पाणी सुमारे १२.३ लिटर, आटवून ३.१ लिटर क्वाथ. त्यात गूळ १.२ किलो व धायटीची फुले २४० ग्रॅम. साल रात्रभर भिजत घालावी. गूळ कोमट क्वाथात विरघळवून गाळून घ्यावा. धायटी मात्र क्वाथ हाताला सुखोष्ण लागेल इतका निवल्यावरच घालावी. उकळत्या काढ्यात ती टाकल्यास किण्व मरते आणि मग कितीही वाट पाहिली तरी संधान होत नाही.

वायू, ऊब आणि पोकळी

लहान जागेत तीन गोष्टी सांभाळल्या की पुरे.

पहिली गोष्ट वायूची. साखरेपासून मद्यांश निर्माण होताना जवळजवळ तितक्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड सुटतो. ४ लिटर द्रवात ८ टक्के मद्यांश उत्पन्न झाला, तर सुमारे १३५ लिटर वायू बाहेर पडतो. महिनाभरात हवेशीर खोलीत तो विरून जातो, बंद बरणीला मात्र तो पेलत नाही. म्हणून बुचास भोक पाडून त्यात नळी बसवावी आणि तिचे दुसरे टोक पाण्याच्या पेल्यात बुडवावे. वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही. टोक पाण्यात जेमतेम बोटभरच असावे. अन्यथा रात्री गारवा पडल्यावर पेल्यातील पाणी बरणीत ओढले जाते.

दुसरी गोष्ट उबेची. मोठ्या पिंपात संधानाची स्वतःची उष्णता टिकते, लहान बरणी मात्र खोलीच्या तापमानाबरोबर चढते-उतरते. धान्यराशीचे मर्म येथेच आहे. धान्य ऊब देत नाही, ते चढउतार आवरते. साळीच्या तुसाने भरलेल्या पोत्यात किंवा मोठ्या डब्यात बरणी रोवून ठेवली की तेच कार्य साधते. हिवाळ्यात वरून घोंगडी गुंडाळावी. उन्हाळ्यात खोली ३५ अंशांपलीकडे जात असल्यास बरणी पाण्याच्या बादलीत ठेवून तिच्याभोवती ओले फडके लपेटावे. पश्चिमेची भिंत आणि शेगडीची शेजारची जागा टाळावी.

तिसरी गोष्ट पोकळीची. फेस वर येतो म्हणून आरंभी बरणीचा चतुर्थांश रिकामा ठेवणे योग्यच. परंतु वायू थांबल्यावर हीच पोकळी घात करते. शुक्त करणाऱ्या सूक्ष्मजीवांना हवा लागते, आणि लहान बरणीत द्रवाच्या मानाने हवेला मिळणारा पृष्ठभाग मोठा असतो. माझे दुसरे अरिष्ट त्यामुळेच बिघडले. बुडबुडे थांबले, प्रक्षेप तळाशी बसला, जळती काडी तोंडाशी धरली असता विझेनाशी झाली आणि चुन्याची निवळी पांढरी होईनाशी झाली, की त्याच दिवशी गाळून बाटल्या गळ्यापर्यंत भराव्यात.

स्वच्छतेविषयी वेगळे सांगणे नको. लुई पाश्चर यांनी १८७६ च्या ग्रंथात बिअर बिघडण्याचे कारण परके सूक्ष्मजीव असल्याचे दाखविले. आपल्याकडे पात्राचे धूपन त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आले आहे. काचेची बरणी उकळत्या पाण्याने टप्प्याटप्प्याने धुवावी, पूर्ण वाळवावी, मग धूपन करावे. कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे भांडे कटाक्षाने टाळावे.

मर्यादा

स्वतःच्या रुग्णांसाठी औषध सिद्ध करणाऱ्या वैद्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात परवान्यातून सूट आहे. ती तेवढ्यापुरतीच आहे. शेजारच्या दुकानात एक बाटली विक्रीस ठेवली तरी परवाना लागतो. औषधनिर्मात्यांसाठी २००० साली अधिसूचित झालेल्या परिशिष्ट 'टी'मध्ये आसवारिष्ट विभागास २०० चौरस फूट जागा सांगितली आहे. ती सदनिकेत मिळणार नाही, आणि तेथे मिळवू पाहूही नये. तसेच स्वकृत अरिष्टातही मद्यांश असतो. मद्याचे व्यसन सोडलेल्या रुग्णास ते देण्यापूर्वी आपण दोनदा विचार करावा. प्रमेही रुग्णाच्या बाबतीत गुळाचाही.

फार्मसीचालकांनी हा लेख स्पर्धेच्या दृष्टीने पाहू नये. चार लिटर अरिष्टाने कोणाचा व्यापार बुडत नाही. उलट ज्या वैद्याने स्वतः बुडबुडे मोजले आहेत, तो बाटलीतील आंबट वास लगेच ओळखतो आणि उत्तम उत्पादनाची कदरही तोच करतो.

तिसऱ्या खेपेचे अर्जुनारिष्ट फाल्गुनात घातले, चैत्रात गाळले. साडेतीन लिटर मिळाले. त्यानंतर दरवर्षी एक खेप होते, आणि प्रत्येकीची तारीख, तापमान, बुडबुड्यांची गती व गाळण्याचा दिवस वहीत नोंदलेला आहे. नवा गूळ आणि नवी धायटी बाजारात येते तोच काळ अनुकूल असतो. येत्या फाल्गुनात प्रत्येक वैद्यबंधूने एक बरणी घालावी आणि आपली टिपणे, बिघडलेल्या खेपांसह, या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावीत.