दुरुस्तीच्या दुकानातलं औषध

नवी वस्तू तयार करणं अवघड, की ती विकणं? पुण्याच्या काटकर बंधूंना दोन्ही करावं लागलं!

थोरले कैलास दहावीनंतर नोकरीला लागले. काम कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं, पगार महिना 400 रुपये. पुढे 15,000 रुपये घालून त्यांनी स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. धाकट्या संजयला मात्र त्यांनी संगणक शिकायला लावलं.

दुकानात येणारे कितीतरी संगणक व्हायरसनं बेजार झालेले असत. हा व्हायरस म्हणजे सर्दीचा जंतू नव्हे बरं का! हा एक खोडकर प्रोग्रॅम. फ्लॉपीत लपून एका संगणकातून दुसऱ्यात शिरायचा. संजयनी त्याला हुडकून पुसून टाकणारे प्रोग्रॅम लिहिले. मग हे औषध सगळ्यांनाच का विकू नये? 1995 मध्ये ‘क्विक हील’ बाजारात आलं.

पण परदेशी कंपन्यांपुढे या नव्या नावाला विचारतो कोण? 2002 च्या सुमारास गाशा गुंडाळावा की काय, अशी वेळ आली. तरी संजय प्रोग्रॅम सुधारत राहिले आणि कैलास विक्रेते जोडत राहिले. 2003 मध्ये नाशिकला शाखा निघाली, मग इतर शहरांत. संगणक विकणारे नि दुरुस्त करणारेच गिऱ्हाइकाला ‘हे घ्या’ म्हणू लागले. 2016 मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले.

मिरजगावात मोबाईल दुरुस्तीला गेलात, तर जरा कान देऊन ऐका. लोक कोणती तक्रार पुन्हापुन्हा आणतात? वहीत टिपून ठेवा. काय सांगावं, तुमचं ‘औषध’ तिथेच सापडेल!