माशांना हवी असते ती कपार

प्रवाळ खडक म्हटला की आपल्याला रंग आठवतात. खडकाची श्रीमंती मोजायला शास्त्रज्ञ मात्र पाण्यात साखळी घेऊन उतरतात. प्रत्येक खाचेत आणि उंचवट्यावर टेकेल अशी ती पसरायची आणि सरळ रेषेत तिने किती अंतर कापलं ते पाहायचं. दहा मीटरची साखळी पाच मीटरांतच संपली, तर खडक चांगलाच ओबडधोबड. १९७२ मध्ये मायकेल रिस्क यांनी कॅरिबियनमधल्या व्हर्जिन बेटांवर दाखवून दिलं की जिथे खडबडीतपणा जास्त, तिथे माशांच्या जातीही जास्त.

मासे प्रवाळ खायला जमतात, हा समज तर फारच पसरलेला. प्रवाळ हा प्राणी आहे आणि फुलपाखरू माशांच्या काही जाती तो खरोखर खातात. पण जिवंत प्रवाळावर थेट अवलंबून असलेले मासे त्या खडकावरच्या जातींपैकी साधारण दहा टक्केच. बाकीच्यांना हवी असते जागा: लपायला, अंडी घालायला, प्रवाहापासून आडोशाला. तीही मापाची लागते. बीळ अंगाबरोबर असेल तर लहान मासा वाचतो. मोठं असेल तर त्याच्यामागून शिकारीही आत शिरतो. म्हणून एकाच मापाच्या शंभर भोकांपेक्षा वेगवेगळ्या मापांची पन्नास भोकं जास्त जातींना सामावून घेतात.

प्रवाळ पांढरा पडला म्हणजे मेला, हेही खरं नाही. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या शरीरातली सूक्ष्म शैवालं बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो, पण तेव्हा तो जिवंत असतो. पाणी लवकर निवलं तर सावरतोही. आणि मेलाच, तरी त्याचा चुन्याचा सांगाडा काही वर्षं उभा राहतो. खरी गोम इथेच आहे.

१९९८ च्या उष्ण पाण्याने सेशेल्सच्या आतल्या बेटांभोवतीचा नव्वद टक्क्यांहून अधिक जिवंत प्रवाळ गेला. सांगाडे मात्र उभे होते, त्यामुळे बऱ्याच माशांचा आसरा लगेच मोडला नाही. मग भोकं पाडणारे स्पंज, कृमी, समुद्री साळी आणि लाटा यांनी ते पोखरत आणले. २००५ मध्ये तिथल्या एकवीस ठिकाणांची पाहणी झाली तेव्हा अनेक ठिकाणी खडक कोसळून सपाट झाले होते, आणि माशांच्या जाती सर्वाधिक घटल्या त्या अशाच जागी. लहान मासे कमी झाले होते, मोठे मात्र अजून दिसत होते. हे मोठे म्हणजे आधीच वाढलेली पिढी. तिची जागा घेणारी पिल्लं फारशी उरली नव्हती. ‘मासळी मिळतेय, म्हणजे खडक ठीक आहे’ हा हिशेब म्हणूनच मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो. जाळ्यातली मासळी कित्येकदा खडकाची जुनी बातमी देत असते.

पुढे त्याच एकवीस ठिकाणांपैकी बारा सावरली, नऊ शेवाळाखाली गेली. सावरली ती मुख्यतः खोल पाण्यातली आणि मुळात अधिक ओबडधोबड असलेली.

मग समुद्रात काहीही टाकलं की खडक तयार होईल? फ्लोरिडाच्या फोर्ट लॉडरडेलजवळ १९७० च्या दशकात याच आशेने सुमारे वीस लाख जुने टायर बुडवले गेले. त्यांवर प्रवाळ फारसा रुजला नाही. बांधलेले गठ्ठे सुटले आणि वादळांत हे टायर जवळच्या नैसर्गिक प्रवाळांवर आपटू लागले. २००७ मध्ये अमेरिकी लष्कराचे पाणबुडे ते उपसायला उतरले. आकार हवाच, पण तो एका जागी टिकणाराही हवा. टायर तसे टिकत नाहीत.

आपल्याकडचेही सगळे खडक सारखे नाहीत; मालवणच्या प्रवाळाला लक्षद्वीपच्या मापाने मोजणं अन्यायाचं. मालवणचा प्रवाळ बहुतेक गोटे, थर आणि पसरट पाती अशा रूपांत वाढतो. तिथल्या गढूळ पाण्यात शिंगांसारखा फुटणारा प्रवाळ फारसा तग धरत नाही. तिथे कपारी पुरवतो तो मुख्यतः मूळ खडकच, आणि शेवंड, तांबोशी, गोबरा त्यातच राहतात. गोट्यासारखा प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे गुडघाभर उंचीच्या गोट्याला पन्नासेक वर्षं लागलेली असतात. होडीचा नांगर तो एका हिसक्यात उलथू शकतो.