दुर्बिणीच्या रिपोर्टात ‘मेटाप्लाझिया’ लिहिले असेल तर

ताडीवाला रोड असो की जनता वसाहत, पित्ताची गोळी घरोघरी सापडते. जळजळले की मेडिकलमधून आणायची, बरे वाटले की विसरायचे. कधीतरी ससूनला पोटाची दुर्बीण होते, जठरातला तुकडा तपासायला जातो आणि रिपोर्टात ‘इंटेस्टायनल मेटाप्लाझिया’ येते. मग घरात रडारड होते, नाहीतर रिपोर्ट पेटीत जातो. आम्ही म्हणतो, दोन्ही नको.

हा कॅन्सर नव्हे. जठराच्या अस्तराला वर्षानुवर्षे सूज राहिली की ते झिजते आणि तिथे आतड्यासारख्या पेशी उगवतात, तो मेटाप्लाझिया. त्यापुढे डिसप्लाझिया, म्हणजे पेशींची घडणच बिघडणे. कॅन्सर त्याच्याही नंतर. बहुतेक माणसे तिथवर पोचत नाहीत.

सुरुवात बहुधा ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ या जंतूने होते. तो लहानपणीच तोंडावाटे शिरतो. दाटीची घरे आणि अपुरे पाणी असेल तिथे त्याचे फावते, म्हणून हा प्रश्न महापालिकेच्या नळाचाही आहे. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ साली हा जंतू स्वतः पिऊन जठराला सूज येते हे दाखवले. त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल मिळाले. (पोटदुखीला देवऋषी गाठणाऱ्यांना हे जरूर वाचून दाखवा.)

तेव्हा डॉक्टरांना विचारा, ‘जंतूची तपासणी झाली का?’ ती तुकड्यातून, शौचातून किंवा श्वासातून होते. त्याआधी किती दिवस पित्ताची गोळी बंद ठेवायची तेही विचारा, नाहीतर जंतू असून दिसत नाही. औषध बहुधा १४ दिवसांचे असते. तोंड कडू होते, मळमळते, आणि पाचव्या दिवशी बरे वाटले म्हणून गोळ्या सुटतात. इथेच घात होतो, उरलेला जंतू औषधाला दाद देईनासा होतो. कोर्स संपल्यावर निदान ४ आठवड्यांनी पुन्हा तपासणी हवीच.

जंतू गेला की धोका घटतो. मेटाप्लाझिया पुसला जाईलच असे नाही, तो पसरलेला असेल तर साधारण ३ वर्षांनी पुन्हा दुर्बीण करतात. डिसप्लाझियाला मात्र थांबायचे नाही. वेळीच सापडला तर तो भाग दुर्बिणीतूनच काढता येतो.

बिडी-सिगारेट आणि फार खारट खाणे यांनी धोका वाढतो. पाचवे शील आपण दारूपुरते धरतो आणि तंबाखू, मिश्री चालवून घेतो, ते आम्हाला पटत नाही.

डांबरासारखे काळे शौच किंवा रक्ताची उलटी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. घास अडकत असेल, वजन उतरत असेल, तर त्याच आठवड्यात. जाताना पेटीतला जुना रिपोर्ट बरोबर घ्या.